चाळीस फूट जास्त

मे महिन्यात बुलडीत दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही.
कूलरचं पाणी संपलेलं, वाळ्याला करपल्याचा वास,
अशात गोलीबार चौकातला सोनकुसरे आला.
कापडी पिशवीतून पितळी डबी काढली,
काउंटरवर ठेवली. ताई, हे चालू होईल काय?
पोट्टीच्या शाळेत प्रदर्शन आहे.

मी घड्याळवाली. फ्लाइंग क्लबची जुनी यंत्रंही
कधीमधी येतात, दोन तर कुणी न्यायलाच आलं नाही.
हे उंची मोजायचं होतं, फुटांत.
काचेचा काठ आत चेपलेला, त्याखाली काटा दबलेला:
तेवीस हजार चारशे.

आणि इथून हाकेवर झिरो माईलचा दगड.
त्यावर कोरलंय, समुद्रापासून हजार वीस.

त्याच्या आजोबांचा धाकटा भाऊ, यादव.
मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वाढलेलं पोर.
सर्व्हेत साखळी ओढायला लागला, रात्री त्रिकोणमिती शिकला,
आणि चौतीस साली साहेबांच्या मोहिमेबरोबर बर्फात गेला.
डोंगराला त्यांच्या कागदावर नाव नव्हतं,
नुसता नंबर, सदतीस.
उंची तेवीस हजार तीनशे साठ.
ती यादवनंच काढली होती, खालून, दुर्बिणीतून,
पेन्सिलीनं, दोनदा ताळा करून.

शेवटच्या दिवशी वर दोघंच होते, तो आणि एक साहेब.
एक वाजेपर्यंत तंबूतून दिसत होते.
मग ढग आला.
ढग गेला तेव्हा कडा होता, बर्फ होतं.

डबी पुढच्या वर्षी एका हमालाला सापडली,
माथ्याच्या अडीचशे फूट खाली. तिथेच पडली होती
की घसरत आली, कोण सांगणार.
तिच्या कडीला दोराचा तुकडा. दोन्ही पार्सलनं नागपूरला आलं,
सोबत पत्र: दोर खडकावर घासून तुटला असावा.

यादवच्या आईनं डबीकडे पाहिलंच नाही.
दोराचं टोक अंगठ्यावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं.
तीस वर्षं धागे सांधलेली बाई.
तुटलेला तंतू कोणता, कापलेला कोणता,
तिला अंधारात कळायचं.
सून विचारत राहिली, काय हाय जी? सांगा ना.
म्हातारी म्हणे, "काय राहीन? दोर हाय."
आणि तुकडा चुलीत घातला.

हे सगळं सोनकुसरे उभ्यानंच सांगत होता, घाम पुसत.
मग हळूच: म्हणजे पोचला ना तो? काटा तर वरच आहे.

काय सांगू त्याला. या यंत्राला डोंगर दिसत नाही.
त्याला फक्त हवेचं ओझं कळतं.
माणूस चढला की ओझं उतरतं, काटा वर जातो.
वादळ आलं तरी ओझं उतरतं,
माणूस जागचा हलला नाही तरी काटा वर जातो.
म्हणजे ज्या वादळानं त्याला अडवलं असेल
तेच यंत्राला सांगत असेल, चढला, चढला.
आणि चाळीस फूट जास्त? माथ्यावरून अजून
कुठे चढायचं असतं?
की पेन्सिलीच्या ताळ्यातच चूक होती,
आणि ती त्याला एकट्याला, वर उभं राहून, कळली?

भिंग लावून आत पाहिलं. पोकळ डबी शाबूत,
नव्वद वर्षांनी अजून फुगते, बसते.
काच उचलायची, बस. काटा सुटेल,
सरळ बुलडीत येईल, हजार वीसवर,
आणि अडकलेला आकडा पुन्हा कुणाला दिसणार नाही.

पावती फाडली. नाव, वस्तू, तारीख.
काम या रकान्यात काहीच सुचेना.
शुक्रवारी या, म्हटलं.

साडेचारला रामटेकाकडून धूळ उठली,
पत्रे वाजले, लाईट गेली.
शेल्फावरच्या क्लबच्या दोन यंत्रांचे काटे
बघता बघता नव्वद-शंभर फूट वर सरकले.
दारातून पाहिलं.
टेकडी होती तिथेच होती.