मोज्यांचे वळ

स्कायद्रीते येते तीच तासभर आधी.
बूट दाराशी, मोजे बुटांत कोंबलेले,
आणि घोट्यांच्या वर इलास्टिकचे दोन लाल वळ,
घट्ट बांगडी नुकतीच उतरवल्यासारखे.
"हे जाईपर्यंत चहा," ती म्हणते.
मी लिंडनच्या फुलांचा चहा ठेवतो.
रीगात नोव्हेंबर म्हणजे उजेडाची उधारी:
अकराला दुकान उघडतं, दोनला फळ्या लागतात.
त्यातलाही एक तास आम्ही
वळ पुसट व्हायची वाट बघण्यात घालवतो.

आठवडाभर मी कवळ्या करतो.
माझ्या खणात दातांच्या सोळा छटा आहेत;
पांढरा असा रंगच नसतो, हे मला पोटापुरतं कळतं.
पण जबड्याच्या पलीकडचं अख्खं माणूस
पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसलं तेव्हा
मी म्हणालो, "मोकळ्या व्हा."
ती हसली. सात नंबरची ट्राम वीस वर्षं चालवलेली बाई.
म्हणाली, "मी कशी होऊ ते नको सांगूस.
उजेड कुठे आहे, तेवढं सांग."

तेव्हापासून मी फक्त उजेड सांगतो.
डाव्या खांद्यावर आहे. आता कानामागे गेला.
आता खिडकीतच अडलाय, ढग आहे, थांबू.
ती वळते सावकाश,
मागच्या डब्याचा विचार करून.

करारनामा मी कुठूनसा उतरवून घेतला होता.
'कुठेही, कसेही, कायमचे' असं त्यात होतं.
तिनं चष्मा लावून वाचला, पेन मागितलं,
'कायमचे' खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं: 'विचारून'.
मग तासाचे पंधरा युरो मोजून घेतले, दोनदा.
मला जरा लागलं ते.
पुढे कळलं, म्हणूनच ती माझ्या स्वयंपाकघरात
उघड्या पाठीनं निवांत बसू शकते:
देणंघेणं टेबलावर, वरती कसलंही झाकण नाही.

एका रोलमध्ये बारा.
जुना कॅमेरा, शटर पडतं ते दार आपटल्यासारखं.
खालच्या मजल्यावरचा एगॉन्स काठीनं छत ठोकतो.
ती दचकते दर वेळी,
आणि मला मिळालेलं असतं ते दचकण्याआधीचं.

न्हाणीघरात धुतलेल्या बाराही चित्रांचा कागद वाळला,
तेव्हा नवव्यावर मी लाल फुली मारली.
ढगाची वाट बघताना चुकून दाबलं गेलेलं बटण:
ती किटलीकडे बघतेय, किटली धूसर,
पोट सैल सुटलेलं,
घोट्यावर वळ, पुरता न गेलेला.

तिनं कागद खिडकीपाशी नेला.
पाठीची ती चार, ज्यांवर मी आठवडाभर फुशारलो होतो,
"छान आहेत," म्हणाली, हवापाण्याबद्दल म्हणतात तसं.
बोट फुलीवर ठेवलं.
"ही मी, पाळी संपवून घरी आलेली.
हा मोठा करून दे."
मी म्हटलं, वळ दिसतोय.
"दिसू दे की. पाय माझाच आहे."

दोन रात्री गेल्या त्यात.
कागदावर वळ एकदा काजळीसारखा उठायचा,
एकदा उठायचाच नाही.
कातडी दबते आणि मग परत वर येऊ लागते,
त्या मधल्या करड्याला माझ्या खणात नंबर नव्हता.

आता ती आली की चहा तसाच होतो,
पायांकडे कुणी बघत नाही.

गेल्या रविवारी जिन्यात एगॉन्सला विचारलं,
बसशील का कधी, खिडकीशी, तासाचे पंधरा.
त्यानं बराच वेळ मला न्याहाळलं.
म्हणाला, "काठीसकट असेल तर."