एकशे बारा अंश

वास्कोला हरवायचं तर आधी वास्कोत हरावं लागतं.
आम्ही हरलो. एकोणीस गुणांनी.
बंदरातलं एक जहाज नेमकं
आमच्या फ्री थ्रोच्या वेळी भोंगा द्यायचं
आणि शबिना म्हणाली, कप्तानालाही चारलेत पैसे.
मडगावला बस बदलेपर्यंत कोणी बोललं नाही.
कुंदाने तेवढी बुटाची नाडी सोडली,
परत बांधली, परत सोडली.

दुसरा सामना आमच्याकडे, कुडचड्याला.
कोर्ट उघडं, कडेने खाणीचे ट्रक,
सकाळी झाडलं तरी दुपारी तांबडं.
रुझारसर म्हणाले, आज झाडू नका.
एवढंच. हेच आमचं डावपेचांचं पुस्तक.
त्यांचे नवेकोरे बूट घसरत राहिले,
आमचे, टाचा झिजलेले, धूळ ओळखत होते.
सातने जिंकलो.
पोदेराने उरलेले उंडे फुकट वाटले.

उरला तिसरा. फोंडा, रविवार, पाच वाजता.

सरांनी टेबलावर मिरीचे दाणे मांडले: हे आपण.
समोर पाच काजू. त्यातला एक अख्खा, टपोरा:
एर्मेलिंदा.
तिला उजवीकडून वाट मिळाली की संपलं.
उजवा हात अडवा, डावीकडे जाऊ दे तिला.
बोलता बोलता माझ्याकडे बघत होते,
कारण तिला अडवणं माझ्या वाट्याचं.
"बाये, पांय पळय, बॉल न्हय."

पाय.
तिचे पाय मी गेले पाच मंगळवार बघतेय,
मडगावच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
हिरव्या पडद्याआड.
डावा गुडघा. नव्वदला कुरकुरतो,
एकशे बारा अंशांवर ती ओठ दातांखाली धरते
आणि छताच्या पंख्याला विचारते, अजून किती?
तिच्या कोचला माहीत नाही. आईला माहीत नाही.
माझ्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात.

आता सांगा.
उजव्या हाताच्या खेळाडूला डावीकडे ढकलायचं
हा शाळेतला पहिला धडा.
बारा वर्षं मी अशीच उभी राहत आलेय,
हिरवा पडदा नव्हता तेव्हापासून.
उद्या तशीच उभी राहिले तर तो खेळ की चोरी?
आणि बाजू सोडली, तर कुंदाला काय सांगू,
घसरलेल्या नव्या बुटांना तरी काय?
रात्री मिरीचा एक दाणा चावला.
तिखट होता.

शेवटचा मिनिट. आम्ही एकने पुढे.
बॉल तिच्या हातात.
माझा डावा पाय पुढे, उजवा मागे, नेहमीसारखा.
पायांनी मला विचारलं नाही,
मीही त्यांना विचारलं नाही.
तिने एकदा खाली पाहिलं, माझ्या बुटांकडे,
आणि डावीकडे गेली.
गेली म्हणजे सगळं वजन टाकून गेली.
मी एक पाऊल मागे पडले. आयुष्यात पहिल्यांदा.
बॉल रिंगवर दोन चकरा मारून
बाहेर पडला, कुंदाच्या ओंजळीत.
शिट्टी.
करंडक एवढासा. सरांनी त्यात ते काजू भरले,
आम्ही खाऊन टाकले.

मंगळवारी ती आली, दहा मिनिटं आधी.
पाय टेबलावर ठेवला. गुडघा शहाळ्याएवढा.
बराच वेळ फक्त पिशवीतल्या बर्फाचा आवाज.
मग म्हणाली, मुद्दाम उभी राहिलीस?
मी म्हटलं, मी तिथेच उभी असते.
माहीत आहे, ती म्हणाली. म्हणून तर गेले.

मी वहीत लिहिलं: शंभर.
खाली एक रेघ असते, शेऱ्यासाठी.
ती अजून कोरी आहे.