तज्ज्ञ क्रमांक सात

अठरा तज्ज्ञ. नावं झाकलेली, फक्त क्रमांक.
कुणी चोपड्याहून, कुणी नाशिकहून,
कुणी भुसावळच्या रेल्वे दवाखान्यातून,
एकमेकांचं तोंड न बघता त्यांनी ठरवायचं
नर्सिंगच्या पोरींनी तीन वर्षांत काय शिकावं.
मी शहाद्यात. मे महिना. वाळ्याच्या ताट्यांवर
पाणी मारून लॅपटॉपपुढे,
वीज गेली की मोबाइलवर.

एक ते पाच गुण. चौदा जणांनी
चार किंवा पाच दिले की मुद्दा आत.
हात धुणं आत, सर्पदंश आत, सिकलसेल आत.
बिछाना घालण्याचे चाळीस तास
रडतखडत वीसवर आले
(कुणीतरी लिहिलं होतं :
चादरीच्या घडीवर पोरी नापास करणं थांबवा आता).

अडला तो तेविसावा.
रुग्णाची विचारपूस, त्याच्या बोलीत. वीस तास.

तो मीच घातला होता.
प्रसूतीच्या खोलीत एक बाई सांगत होती,
पोटमा गोया उठस, गोया उठस,
आणि लातूरची माझी हुशार विद्यार्थिनी
कागदावर लिहीत होती :
नातेवाईक गोया यांना उठवण्यास सांगते.
इकडे ळचा य होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी.
एवढं एक अक्षर पुस्तकात नव्हतं.

पहिल्या फेरीत अकरा. दुसरीत तेरा.
आणि क्रमांक सात, दोन्ही वेळा
एक गुण देऊन मोकळा.
असेल कुणी एसीतला, म्हटलं.
चिडून कारण विचारलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. लिहिलेलं नाही, बोललेलं.
मागे कोंबडा, वारा,
रेंजसाठी टेकडी चढलेल्या बाईचा दम.
नाव झाकता येतं, धाप कशी झाकणार?
सायजाबाई वसावे. धडगावच्या वरच्या पाड्यांवर
एकतीस वर्षं एएनएम.
यादीत त्यांना मीच घेतलं होतं.

"मॅडम, वर्गात शब्द येतील, बोली नाही येणार.
बाई दुखणं पहिल्यांदा खोटं सांगते.
सासू उठून बाहेर गेली की मग सांगते.
ते कोणत्या तासाला बसवणार?
पोरी माझ्याकडे पाठवा, आठ रात्री.
नाहीतर माझा एक, एकच राहू द्या."

तिसऱ्या फेरीत आठ रात्री घातल्या.
विमा कोण काढणार, गाडी कुठवर जाते,
पालकांना काय सांगायचं.
पाच मतं पडली.
मग वर्गातलेच, वीसाचे बारा तास करून :
चौदा.
एकमत झालं.

सरासरी चारला टेकली. सातचा एक
तिच्यात कुठे विरघळला, कळलंही नाही.
मी तळटीप घातली, असहमतीची, चार ओळींची.
छापणारा म्हणाला, पान वाढतंय मॅडम, काढू?
वाढू दे म्हटलं.

तिचा आवाज अजून माझ्या फोनमध्ये आहे.
बोलणं संपल्यावर बंद करायला ती विसरली;
शेवटचे अकरा सेकंद
ती शेजारच्या कुणाला तरी काहीतरी विचारते,
हळू, तिच्या बोलीत, आणि समोरून
बराच वेळ कुणी बोलत नाही, मग बोलतं.
मी जन्मापासून अहिराणी बोलते.
दहादा ऐकलं.
मला कळत नाही.