शेवटचा बाक

मे लिमाकात्सो, आमच्या मुख्याध्यापिका,
मोखोत्लोंगच्या थंडीत ब्लँकेट लपेटून
न सांगता माझ्या तासाला आल्या,
थेट शेवटच्या बाकावर, मोलेफीशेजारी.
मी गुणोत्तरं शिकवत होतो. जरा जास्तच मोठ्यानं.

त्यांच्या वहीत शेरा नव्हता, नुसत्या वेळा:
दहा बारा, मोलेफी खिडकीबाहेर.
दहा एकोणीस, अजून खिडकीबाहेर.
मी म्हटलं, गुराखी पोर ते,
निम्मं वर्ष मेंढ्यांमागे डोंगरात,
लक्ष कसं लागणार?
बाईंनी माझ्या हातातला खडू काढून घेतला.
उद्या मी शिकवते. तुम्ही बसा तिथं.

बसलो. गुडघे बाकाला अडकले.
दहा वाजून गेले, बर्फावरून ऊन आत आलं
आणि अर्धा फळा पांढराफटक.
बाईंचा हात हलत होता,
अक्षर एकही नव्हतं.
मी खिडकीकडे पाहिलं. दुसरं बघायला होतंच काय.

मोलेफीनं वही हळूच माझ्याकडे सरकवली:
नुसती ऐकून उतरवलेली गणितं,
निम्मी बरोबर.

खिडकीला लावायला काही मिळतंय का,
म्हणून मी उठलो, तर
बाईंनी खांद्यावरचं ब्लँकेट
आधीच काढून धरलं होतं.