मोरचूद आणि गंधक

मिन्यूत नवव्या दिवशीही पाऊस.
देओलिंडा पान उलटून बघते:
वर तेलाचा डाग, खाली पांढरी लव.
केवडा.
मोरचुदाने तिची नखं निळी झालीत,
पावालाही तांब्याची चव येते म्हणते.

बेल्मिरू याच डागाला कंटाळून
बापाची फवारणीची टाकी तिच्याकडेच ठेवून
दक्षिणेला गेला, अलेंतेजूत,
जिथे मे महिन्यातच गवत पिवळं पडतं.
तिथे त्याला पाऊस लागला नाही.
भुरीलाही लागत नाही.
दाट पानांची सावली पुरते तिला
आणि उबदार संध्याकाळ.
मण्यांवर राखेसारखी बसते,
चोळली की बंद खोलीचा वास.

फोनवर आता हवामानाविषयी बोलत नाहीत दोघं.
ती विचारते, हात कसे आहेत?
पिवळे, तो म्हणतो.
तुझे?