मॉडेल नंबर दोन

कार्मान्योला गावात, जुन्या रेशमाच्या गिरणीत
एकवीस गाड्यांचं एक संग्रहालय आहे.
तिकिटं मी फाडते. माहिती एर्मेते सांगतो.
खरी माहिती पाटीवर लिहिलेली असते:
साल, वजन, अश्वशक्ती.
ती वाचून आजवर कुणी हसलेलं नाही.

एर्मेते म्हणतो, हा बघा सेकोंदो वाल्लाउरी,
फोटोतसुद्धा बोटांना ग्रीस.
सेकोंदो म्हणजे दुसरा. थोरला भाऊ प्रीमो.
थोरल्याचा मान राखायचा, म्हणून
कारखान्यातून निघालेली पहिलीच गाडी: नंबर दोन.
आता नंबर एक शोधत एक स्विस गृहस्थ
बावीस वर्षं या खोऱ्यातले गोठे उपसतायत.
आम्ही दरसाल त्यांना नवा गोठा सुचवतो.

ही हिरवी. हिला रिव्हर्स गिअर नाही.
बायकोशी भांडण झालं, विषय मिरच्यांचं लोणचं,
आणि सेकोंदोनं शपथ घेतली:
पुढे टाकलेलं पाऊल मागे घेणार नाही.
तेव्हापासून गाडी एकदा आत गेली
की बाहेर काढायला मागची भिंत पाडायची.
आमच्याकडच्या कोठारांना दोन-दोन दारं का, कळलं?
लोक माना डोलावतात.
एक बाई तर वहीत लिहून घेतात, तारखेसकट.

हा प्रतिस्पर्धी, आमेदेओ फोर्नासेरी.
याचं इंजिन इतकं मुकं
की आपण गाडी घेतलीय, हेच मालक विसरत.
मग दुसरी घेत.
धंदा काय चालला म्हणून सांगू!
एका नोटरीच्या घरी सात निघाल्या,
सहावीत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
आणि स्पीडोमीटर बघा, साठच्या पुढे रोमन आकडे,
चौथी नापास हवालदाराला वाचता येऊ नयेत म्हणून.

अहो, हॉर्न दाबू नका!
तो सासूच्या शिंकेवर बेतलाय.
देल्फीनाबाई शिंकल्या की चौकातली खेचरं बाजूला होत.
सेकोंदो अकॉर्डियन घेऊन
तीन हिवाळे त्यांच्या खाटेशी बसला, सूर जुळेपर्यंत.
मिरपूड स्वखर्चानं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मात्र माशी शिंकली.
धुकं पार दारापर्यंत आलेलं.
एक म्हातारी, करडे हातमोजे,
अर्ध्या तिकिटासाठी वय जरा चढवूनच सांगितलेलं,
सगळं ऐकत चालली. हसली नाही.
हिरव्या गाडीपाशी थांबली आणि म्हणाली,
"सेकोंदो माझे वडील."

एर्मेतेची जीभ न्यूट्रलमध्ये गेली.
मी उगीच तिकिटांचा गठ्ठा मोजायला घेतला.

"रिव्हर्स गिअर होता," ती म्हणाली. "चांगला होता.
त्यांनाच चालवता येत नव्हतं.
कुठलीच गाडी. कधीच.
रविवारी आई चालवायची, ते शेजारी बसायचे,
दोन्ही हात हवेत, असे,
प्रत्येक वळणाला वळत."
तिनं करडे हातमोजे हवेत धरले
आणि डावीकडचं एक मोठं, अवघड वळण घेतलं.

मग आवाज खाली आणून,
"पण आजीच्या शिंकेचं तुम्हाला कुणी सांगितलं?
ते घरातच ठेवायचं ठरलं होतं."

एर्मेते माझ्याकडे बघत राहिला.
ती थाप त्यानं गेल्याच गुरुवारी
माझ्यासमोर, सॉसेज चावता चावता रचली होती.

आता तो एक गोष्ट खरी सांगतो:
गाड्या बनवणाऱ्याला गाडी येत नव्हती.
शाळेची पोरं एका सुरात ओरडतात, "थापा!"
तो मान खाली घालून कबूल करतो
आणि मुकाट रिव्हर्स गिअरवर येतो.

आणि मी, कुलूप लावायच्या आधी, कुणी नसताना,
एकदा तो हॉर्न दाबते.
बॅटरी केव्हाच काढलेली आहे.
तरी जाता जाता चौकात बघून घेते,
एखादं खेचर बाजूला झालंय का.