जिभेखाली

शेरीफच्या कचेरीबाहेर आज टेबल मांडलंय.
जुनी औषधं आणून द्या, कुणी काही विचारणार नाही,
असं चर्चच्या पत्रकात छापलं होतं,
हरवलेल्या कुत्र्याच्या खाली, केकविक्रीच्या वर.

मी बुटांचं खोकं आणलंय. अकरा नंबर, आर्विडचं.
टेबलामागे हाल्वरसनांचा नातू,
हातात निळे मोजे, कान अजून चेहऱ्याला मोठे.
नावं काळ्या पेनानं खोडा म्हणतो, कुणाला कळता कामा नये.
साऱ्या गावात चारशे माणसं, बाळा.
तरी खोडते.
आर्विड टॉलफसन, रोज एक, जेवणानंतर.
आर्विड टॉलफसन, झोपताना अर्धी.
आर्विड टॉलफसन, गरज पडेल तेव्हा.

गरज!
औषधाचं दुकान आमच्यापासून सत्तर मैल.
मोंटानाच्या हिवाळ्यात सत्तर मैल म्हणजे देवाची मर्जी,
आणि विमा कंपनीची मर्जी त्याच्याही वर.
म्हणून आमच्याकडे काही फेकलं जात नसे.
दाढ गेली तरी दाढेच्या गोळ्या राहिल्या.
लीफच्या कानाचे थेंब राहिले,
लीफला आता टक्कल पडलंय.
गुरांचं पेनिसिलीन लोण्याशेजारी;
वासरानं कधी बाटली उलटी करून तारीख वाचली नाही.
आर्विड म्हणायचा, तारीख कंपनीची असते, गोळीची नसते.
खोटं कशाला बोलू, पुष्कळदा त्याचंच खरं निघालं.

एकदा मी दुकानातल्या मेरीबेथला फोनवर विचारलं.
ती म्हणाली, काही गोळ्या नुसत्या म्हाताऱ्या होतात,
काही आतून रिकाम्या होतात,
बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.
आणि ती छातीची, काचेच्या इवल्या बाटलीतली,
ती अंगाच्या उबेला ठेवू नका. गुण उडून जातो.
मी आर्विडला सांगितलं.
हो हो म्हणत त्यानं बाटली खिशात टाकली,
कुंपणाच्या खिळ्यांत.

मार्च. रात्रीचे दोन. गाय अडलेली.
आर्विड पालथ्या बादलीवर बसला, एक हात छातीवर,
दुसरा अजून कोपरापर्यंत ओला.
मी गोळी जिभेखाली ठेवली.
मुंग्या येतायत का? मी विचारलं.
मुंग्या आल्या की औषध जिवंत,
असं आमचा जुना डॉक्टर सांगायचा.
आर्विडनं डोळे मिटले,
रेडिओवर खरखरीतून हवामान ऐकावं तसा थांबला.
खडू, म्हणाला.
दुसरी ठेवली.
खडू.
बाटलीवरची तारीख मी तेव्हा वाचली, कंदिलाशी धरून.
तीन वर्षं तो स्वतःच्या खिशात
खडू घेऊन हिंडत होता, बिनघोर.

त्या रात्री तो गेला नाही.
ही गोष्ट सांगितली की ऐकणारे इथेच मान खाली घालतात,
त्यांच्या हिशेबानं तो गोठ्यातच मरायला हवा.
हेलिकॉप्टर आलं, पन्नास मिनिटांनी.
वासरूही आलं, त्याच्या आधी,
कुणाचं लक्ष नसताना.

मग मी शहाणी झाले.
प्रत्येक झाकणावर मोठ्या आकड्यांत वर्ष,
दर सहा महिन्यांनी नवी बाटली, अंडी विकून.
तो हसायचा. दुधाला बरी, मला कशाला तारीख?

गेल्या ऑक्टोबरात तो गेला, गाडीत, फाटकापाशी.
इंजिन चालू.
बाटली शर्टाच्या खिशात नव्हती, डब्यात होती,
मी सांगितलं होतं तशी, गार, कोरडी.
सीलबंद.
मुदतीला सात महिने शिल्लक.

काल रात्री ते सील मी फोडलं.
एक गोळी जिभेखाली ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले.
मुंग्या आल्या.
पहाटेपर्यंत डोकं ठणकत होतं. वेडेपणाच, आहे ठाऊक मला.

ही चालेल अजून, पोरगा बाटली उजेडात धरून म्हणतो.
हो, म्हणते मी. टाक.
घरात आणखी काही?
औषधालाही नाही.

पिंपात सगळं एकदम ओतलं त्यानं, पाऊस पडल्यासारखं वाजलं.
खोकं तेवढं मी परत मागून घेतलं.
चांगलं आहे अजून खोकं.